हँडल कुठल्या बाजूला?

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना एकाच गोष्टीचा तोरा होता, आणि तो त्यांना शोभायचाही. बिघडलेलं मशीन समोर आलं की ते आधी उघडायचे नाहीत. उजव्या हाताची तीन बोटं चाकावर ठेवायची, डोळे मिटायचे, सावकाश एक फेरा फिरवायचा आणि सांगायचं, "शटलला खाच पडलीय." उघडून बघावं तर खाच असायचीच. तीस वर्षं त्या तीन बोटांनी घर चालवलं होतं.

सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. पुढे पाय चालू लागला, जीभ तर घरच्यांच्या मते जरा जास्तच सुधारली. हातही वर जाऊ लागला. फक्त बोटांना काही कळेना. गरम कप धरला काय नि गार धरला काय, सारखंच. हे मिस्त्रींनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. दुकान पुन्हा उघडलं होतं, आणि गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं तर सगळा खेळ खलास, या धास्तीनं त्यांना घास गोड लागत नव्हता.

रविवारी तळ्याच्या काठावरून गळ टाकणं हा त्यांचा एकुलता एक शौक. त्यात गळाचा दोरा गुंडाळायच्या जुन्या रिळाचे दाते झिजून गेलेले. "नवं घ्या," बायको म्हणाली. "तळ्यावर जायला लागलात तर तोंडावर जरा तरतरी येईल." आणि तीही बरोबर निघाली.

गळाचं सामान विकणाऱ्या दुकानदारानं काचेच्या कपाटावर तीन रिळं मांडली, तिन्ही स्वस्तातली. "काठावरून टाकणार ना? मग हे माप पुरे. मोठं घेतलंत तर मनगट भरून येईल. आणि खोक्यावर किती बेअरिंग लिहिलीत ते बघू नका, फिरवून बघा. स्वस्तातलं रीळ फिरवल्यावरच कळतं." मग त्याची नजर मिस्त्रींच्या जड पडलेल्या उजव्या हाताकडे गेली. "काका, याचं हँडल दोन्ही बाजूंना बसतं. उजवीकडे लावून देऊ का? म्हणजे गळाची काठी डाव्या हातात धरता येईल."

"काठी मी उजव्याच हातात धरतो," मिस्त्री फटकन म्हणाले. "हँडल डावीकडेच असू दे."

फिरवून बघा म्हणाला, तिथेच मिस्त्री सापडले. रीळ डाव्या हातात धरून त्यांनी सवयीनं उजवी तीन बोटं हँडलवर ठेवली आणि डोळे मिटले. पहिलं फिरवलं, दुसरं फिरवलं, तिसरं फिरवलं. बोटांना काडीचा फरक कळेना. हात बदलावा तर बायको शेजारीच उभी. शेवटी मधलं रुपेरी रीळ उचलून ते ठसक्यात म्हणाले, "हे घेऊ. एकदम मख्खन फिरतंय."

बायकोनं ते हातात घेतलं. जन्मभर नवऱ्यानं जुळवलेल्या मशीनवर शिवणकाम केलेली बाई ती. तिनं एक फेरा फिरवला आणि थांबली. मग पुन्हा फिरवला.

"अहो, हे अडकतंय. दर फेऱ्याला, एकाच जागी."

"काहीतरीच!"

दुकानदारानं फिरवून पाहिलं. "खरंय की. आत दाता खराब असणार. बरं झालं बघितलंत, काकू." आणि दुसरं आणायला तो आत गेला.

मिस्त्रींनी रीळ डाव्या हातानं फिरवलं. त्या अडाणी हातालाही ते लगेच कळलं. कालच्या शिकाऊ माणसालाही कळलं असतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बोटांना कळत नाही ना तुमच्या?" बायकोनं हळूच विचारलं.

"तुला कधीपासून माहितीय?"

"दुसरं मशीन परत आलं तेव्हापासून."

"परत? कुठलं मशीन परत आलं?"

ती पिशवीचा बंद पिळत राहिली. "आतापर्यंत पाच आलीत, तुम्ही दुकानात नसताना. आतल्या पलंगाखाली ठेवलीत. लोकांना सांगितलंय, सुटे भाग यायचेत म्हणून."

पलंगावरची चादर हल्ली पार जमिनीपर्यंत का लोंबते, ते मिस्त्रींना आत्ता उमगलं. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेलं मशीन परत आलं नव्हतं. आणि आता पाच! इतके दिवस ते तिच्यापासून लपवत होते आणि ती त्यांच्यापासून. त्यांना रडू आलं, भर दुकानात, आणि ते त्यांनी आवरलंही नाही.

दुकानदार एक काळं रीळ घेऊन आला. या वेळी मिस्त्रींनी हात पुढे केला नाही.

"तू फिरव," ते बायकोला म्हणाले. "डोळे मिटून. आणि काय लागतंय ते मला सांग."

तिनं डोळे मिटले. "सरळ फिरतंय. पण जरा सैल वाटतंय."

"आतून, की हँडलच हलतंय?"

तिनं पुन्हा एक फेरा घेतला, सावकाश. "हँडलच."

"मग नुसता स्क्रू आवळायचाय. हेच घेऊ."

"बांधून देऊ?" दुकानदारानं विचारलं.

मिस्त्रींनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"थांबा," ते म्हणाले. "आधी हँडल उजवीकडे लावून द्या. काठी डाव्या हातात धरीन."