नंबरमावशींची हिरवी खूण

समजा, तुम्ही त्या खुर्चीत बसला आहात. समोर कॉम्प्युटर, शेजारी दाखल्यांचा गठ्ठा, खिडकीबाहेर घाईतले पालक. मुलाचं नाव भरायचं, जन्मतारीख भरायची, मग त्याचा तो लांबलचक नंबर. देशभरात दुसऱ्या कुणाचाच नसलेला, शिक्षण संपेपर्यंत न सुटणारा. एक आकडा चुकला, तर भलत्याच कुणाचं मूल तुमच्या पडद्यावर येऊन बसतं. सगळं जुळलं, की नावापुढे हिरवी खूण.

त्या खुणेवर शाळेच्या क्लार्कबाईंचा भारी जीव. मुलं त्यांना नंबरमावशी म्हणायची, कारण त्यांचा आकडा कधी चुकत नसे.

"मावशी झोपेतसुद्धा टाइप करतात," शिपाईकाका चिडवायचे.

"आणि तुम्ही जागेपणीसुद्धा घोरता!"

वर्षाच्या मध्येच एक बाई चौथीतल्या मुलीला घेऊन आली. शिवणकाम करणारी, बाहीला दोरे चिकटलेले. नवऱ्याचा मार असह्य होऊन बहिणीकडे आली होती.

"ताई, हिच्या वडिलांना कळू देऊ नका. मागच्या खेपेला हिला उचलून नेलं होतं त्यांनी."

"कोण सांगतंय त्यांना? तुम्ही निर्धास्त राहा."

मुलीचं नाव जुन्या शाळेतून आपल्या शाळेत ओढून घ्यायचं होतं. पालकांच्या मोबाइलच्या रकान्यात बापाचा नंबर दिसत होता. पण दुसऱ्या शाळेतल्या मुलाची माहिती बदलताच येत नाही. आधी मूल आपल्याकडे आणायचं, मग दुरुस्त्या करायच्या, ही मावशींची नेहमीची पद्धत. त्यांनी बटण दाबलं. हिरवी खूण उमटली. मग मोबाइल बदलायला गेल्या, तर पडद्याने विचारलं, जुन्या मोबाइलवर ओटीपी पाठवू का?

 मावशींनी झटकन 'नाही' दाबलं. रकान्यात बापाचाच नंबर राहिला, पण ओटीपी तर गेला नाही, सुटले बाई एकदाची, म्हणून त्यांनी श्वास सोडला. हिरव्या खुणेबरोबरच एक मेसेज त्या मोबाइलवर गेलाय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दोन दिवसांनी एक माणूस खिडकीशी आला. नीट भांग, इस्त्रीचा शर्ट, आवाज अगदी मऊ.

"नमस्कार मॅडम. आमची छोकरी इथे आहे ना? हे बघा." त्याने मोबाइल पुढे केला. 'अभिनंदन! आपल्या पाल्याचा प्रवेश निश्चित झाला आहे.' खाली मुलीचा तो लांबलचक नंबर, शाळेचं नाव, वर्ग, तुकडी. सगळं अचूक. मावशींच्या हातचं ना!

 "मुलीचा नंबर सांगा," त्या कशाबशा म्हणाल्या.

त्याने सावकाश वाचून दाखवला. मावशींनी तो सावकाश टाइप केला आणि शेवटचा आकडा मुद्दाम चुकवला. जन्मात पहिल्यांदा. मग पडदा त्याच्याकडे वळवला.

"हे बघा, नोंद सापडत नाही म्हणतंय."

"मग हा मेसेज?"

"सर्व्हरचा घोळ. रोजचंच रडगाणं आहे."

तो पडद्याकडे बघून हसला. "उद्या येतो. मुलगी माझी आहे, मॅडम."

गेला, पण गेटासमोरच मोटारसायकलवर बसून राहिला. शिपाईकाकांनी मुलीला मागच्या दाराने बाहेर काढलं. मावशींचा फोन जाताच तिची आई धावत तिथे आली. तिने आरडाओरडा केला असता तर मावशींना सोसलं असतं. ती हळूच म्हणाली, "आता दुसऱ्या शाळेत घातलं, तर तिथेही हाच नंबर मागतील?"

"मागतील."

"आणि परत त्यांना मेसेज जाईल?"

 लेकीचा हात धरून आई निघून गेली. कुठे, ते तिने सांगितलं नाही. मावशींनी विचारलंही नाही.

त्यानंतर ती मुलगी कुठल्याच शाळेत दाखल झाली नाही. कुणी ओढून न नेलेलं तिचं नाव मावशींच्या पडद्यावर अजून आहे, खूणही हिरवीगार. रोज हजेरी भरताना त्या नावापाशी बोट अडतं.

शेवटी मावशींनी या नोंदणीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या माणसाने तक्रार लिहून घेतली आणि वर म्हणाला, "मॅडम, तुमच्या तक्रारीचा नंबर घ्या."

"नंबर नको हो! तो लिहून घ्यायला पेनाला हात नाही लावणार मी." मावशींचा आवाज चिरकला. "एवढंच सांगा, बापाला विचारल्याशिवाय बापाचा मोबाइल नोंदीतून काढायचा कसा?"