राहीकाकीची हाक

आमच्या कापडे गावात सांगतात, राहीकाकीने ग्रहणात भोपळा चिरला म्हणून तिच्या पोराचं डोकं पाण्याने भरलं. शेजारची ठकूबाई हे सांगताना आधी नाक ओढते, मग "मी नाय बोलत, गाव बोलतो" म्हणते. मी ही नक्कल केली की शाळेतल्या पोरी हसून लोळतात.

खरं वेगळंच आहे. त्या ग्रहणात सासूने काकीला अंथरुणावरून उठू दिलं नव्हतं; विळीला तिचा हातही लागला नाही. चांगू झाल्यावर ती एकटीच त्याला घेऊन महाडला गेली. डॉक्टरांनी खिडक्या लावल्या, डोक्यामागे बॅटरी धरली, तर डोकं कंदिलासारखं लाल उजळलं. पोटात असतानाच मेंदूकडच्या रक्ताच्या वाटा बंद झाल्या, म्हणाले. मेंदू थोडाच उरला, बाकी पाणी. यात आईचा दोष नाही. पोर कुणाला ओळखणार नाही, फार जगणारही नाही.

काकीने गावात सगळं सांगितलं. दोष नाही हे कुणाला पटलं नाही. बाकीचं लगेच पटलं.

चांगू आता तीन वर्षांचा आहे. त्याचे वडील कोंडाजीकाका मुंबईला गिरणीत. शिमग्याला येतात, पालखी नाचवतात आणि पाळण्याकडे न बघता परत जातात. पोटुशी बाई काकीच्या अंगणावरून जात नाही. भातलावणीत बायका एका ओळीत वाकतात, आणि काकी पार बांधाकडेला एकटी, टोपलीतल्या चांगूवर इरलं झाकून त्याच्याशी बोलत.

"माझा आवाज कळतो त्याला," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, कुणीही बोललं तरी हसत असेल. पैज लागली. मी जिंकले तर परसातला पहिला फणस माझा.

"आनि मी जिकले, तर रोज सांजचं येऊन बसायचं हां गो."

दोघी कुडाआड उभ्या राहिलो. मी तिचीच हाक मारली, तोच घोगरा सूर, शेवटी तेच ओढणं: "चांगूऽ, माझ्या राजाऽ." अशी साधली की काकीच दचकली. तिने पदर दातात धरला. पाळण्यात काही हललं नाही. पुन्हा मारली. तरी नाही.

मग ती अगदी हळू बोलली, "हाय रे मी."

चांगू खुदकन हसला, पाय झाडायला लागला. मी हरले.

 काकीने डोळे पुसून पाट मांडला.

"बस. आता ठकूबाईला आन घरात."

मी नाक ओढलं.