आधी वायर काढणारा

शिरूरला माझा कॉम्प्युटर दुरुस्त करायला पाबळहून एक जण येतो. माझ्या जुन्या मशीनला तो ‘आबा’ म्हणतो आणि "उठा आबा" म्हटल्याशिवाय बटण दाबत नाही. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स त्यानेच घातलं आणि मी नको म्हणत असताना मेलचा वेगळा प्रोग्रामही बसवला.

"अहो, ब्राउझरमध्ये दिसतात की मेल!" मी वैतागलो होतो.

"दिसत्यात, पर त्या मेलवाल्या कंपनीच्या घरात. हितं उतरवून ठिवलं की आपल्या घरात."

दर वेळी तो सगळे मेल उतरवून घ्यायचा, मग इंटरनेटची वायर काढून ते उघडतात का ते बघायचा. मला तो निव्वळ चक्रमपणा वाटायचा. मी ब्राउझरच वापरत राहिलो.

यंदा मी फोनचा नंबर बदलला, पासवर्डही विसरलो आणि मेलचं खातं कायमचं बंद झालं. त्यात माझ्या बहिणीचे मेल होते. घशाच्या ऑपरेशननंतर तिला बोलता येईना, म्हणून ती दौंडहून रोज लिहायची. गेल्या वर्षी ती गेली.

मी त्याला बोलावलं. त्याने आल्या आल्या वायर काढली.

"उठा आबा."

प्रोग्राम उघडला. बहिणीचा एकूण एक मेल तिथे होता. त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः पाठ फिरवून खिडकीशी उभा राहिला.

‘दादा, जेवलास का?’ पहिल्याच मेलमध्ये होतं.

तो कधी गेला ते मला कळलंच नाही. वायर तशीच लोंबत होती. दिवसभर मी ती लावली नाही.