भावोजींचा भुसा

माझ्या धाकट्या दिरांनी एकट्याने जेवढा भुसा केला, तेवढा अख्ख्या वसई तालुक्यातल्या एखाद्या वखारीनेही केला नसेल. वखारीतून निदान दारं-खिडक्या बाहेर पडतात. भावोजींच्या करवतीतून इतक्या वर्षांत दोन पाट आणि एक स्टूल एवढंच निघालं, आणि त्या स्टुलावर बसायचं तर आपला एक पाय जमिनीला रोवून बसावं लागतं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आले आहे, तेव्हा इथे लिहायला मला संकोच नाही.

भावोजी जन्माने वटारचे, पण नोकरी सारी मुंबईच्या कचेरीत. निवृत्त होऊन वाडीत परत आले आणि वर्षाच्या आत माझी जाऊ गेली. त्यानंतर हा माणूस पडवीतल्या खाटेवर जो आडवा झाला, तो उठेचना. चहा नेऊन ठेवावा तर त्यावर साय धरायची. मग एके दिवशी सातिवलीच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून विजेवर चालणारी गोल करवत टेम्पोत घालून घेऊन आले. माझ्या स्वयंपाकघराला लागून पडवी आहे, तिथे ती बसवली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या आधी उठायला लागले. मला वाटलं, सुटलो. सुटलो कसले. भुसा तुळशीवर, भुसा दोरीवरच्या कपड्यांवर, भुसा देवांच्या डोळ्यांत. एका पाहुणीने कालवण चाखून मला विचारलं, मसाल्यात नवीन काय घातलंय. पुढे भावोजी खोकायला लागले. डॉक्टरांनी छाती तपासून स्पष्ट सांगितलं, "काका, एक तर भुसा आवरा, नाहीतर करवत विका." घरात मोठी मी, म्हणून मीही तेच बजावलं. भावोजी म्हणाले, "वहिनी, होळीपर्यंत थांबा. बंदोबस्त करतो." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या मागे ती खाट दिसत होती. म्हटलं, बरं, होळीपर्यंत.

त्या दिवसापासून त्यांनी लाकूड कापणं जवळजवळ सोडलंच. कापायचे ते फक्त भुसा उडतो कुठे हे बघायला. भर दुपारी दारं-खिडक्या लावून बॅटरी पेटवायची आणि तिच्या उजेडात तरंगणारे कण बघत उभं राहायचं. कुणी भेटायला आलं तर त्यालाही त्या अंधारात उभं करायचे, हातात चहाचा कप देऊन. "दिसतो तो भुसा सज्जन," असं ते सांगायचे. "न दिसणारा वाईट. तो सरळ फुप्फुसात जातो." हे ऐकून कुणाला तो चहा प्यावासा वाटेल? पाहुणा जायला निघाला की त्याच्या खांद्यावरून बोट फिरवून ते बोट बघायचे. पुष्कळ लोकांनी येणं सोडलं.

पहिला बंदोबस्त असा, की करवतीखाली पेटी ठोकली, पेटीला पंखा, पंख्याला पाइप आणि पाइपच्या टोकाला, भिंतीबाहेर, कापडी पिशवी. हवा कापडातून निघून जाईल आणि भुसा आत राहील, असा हिशेब. मी विहिरीवरून येत होते, तर पडवीबाहेर एक जाडजूड बाई पाठमोरी उभी. जवळ जाऊन बघते तर माझा परकर. वारा भरून फुगलेला, खालून शिवून टाकलेला.

"भावोजी, हा परकर माझा."

"जुना होता ना?"

"जुना होता, पण माझा होता. स्वतःचा लेंगा नाही सापडला?"

"लेंग्याला दोन पाय असतात, वहिनी. आणि परकराला नाडी आयतीच."

मी तो तिथल्या तिथे उतरवून घेतला. मग पिशवीच नको म्हणून त्यांनी पाइप नुसताच पश्चिमेच्या कुंपणाकडे सोडला. सकाळी चालवून बघितलं, भुसा सरळ समुद्राच्या दिशेने गेला. भावोजी इतके खूश झाले, की जेवणानंतर मोठमोठ्या फळ्या कापायला घेतल्या. वटारचं शेंबडं पोरही सांगेल, की थंडीच्या दिवसांत सकाळचा वारा समुद्राकडे जातो आणि दुपारी तोच समुद्रावरून उलटा येतो. खळ्यात मांडवावर माझी सुकेळी वाळत होती. राजेळी केळी सोलून उन्हात घातलेली, बाहेरून चिकट झालेली. चार वाजता जाऊन बघते तर सगळी केळी तळायला काढलेल्या बोंबलांसारखी रव्यात घोळलेली.

"तुम्ही इथेच जन्मलात ना, भावोजी?"

त्यांनी एक केळं उचलून त्यावरचा भुसा नखाने खरवडून बघितला. मग म्हणाले, "कचेरीत छताला पंखा होता, वहिनी. वारा विसरलो."

मग फुलपाड्याला दिलेल्या माझ्या लेकीने तिच्या घरातला जुना व्हॅक्यूम क्लीनर आणून दिला. त्याची पिशवी एका फळीत भरायची आणि यंत्राला जळका वास यायचा. भावोजींनी ठरवलं, की मध्ये एक डबा ठेवायचा. भुसा डब्यात पडेल आणि यंत्राकडे नुसती हवा जाईल. माझे तांदूळ चादरीवर ओतून त्यांनी पत्र्याचा डबा नेला, झाकणाला दोन भोकं पाडली आणि बटण दाबलं. पोटात लाथ बसावी तसा डबा आत गेला. आवाजाने शेजारची कोंबडी माडाखाली जाऊन बसली. अजून तो डबा तसाच आहे, आणि त्यात तांदूळ निम्मे मावतात.

होळीच्या आधी मात्र त्यांनी एक जाड निळं पिंप आणलं. पाइप असा तिरका बसवला, की हवा पिंपात रवीने घुसळलेल्या ताकासारखी गरगरा फिरायची आणि भुसा गपकन तळाला बसायचा. अंधार करून बॅटरी लावली. उजेडात काही दिसेना. तुळस हिरवी दिसायला लागली आणि खोकला उतरला. डॉक्टरही बघायला येऊन गेले.

आणि भावोजींची करवत थांबली. मला वाटलं, आता कपाट करतील, देव्हारा करतील. काही नाही. ते एकदा पिंपाचं झाकण काढून बघायचे, परत लावायचे आणि खाटेवर जाऊन बसायचे. पुढे बसणंही कमी झालं. चहावर पुन्हा साय धरायला लागली. मी रागाने म्हटलं, एवढा छळ करून कमावलंत, आता वापरा तरी. ते म्हणाले, "झालं ना आता ते. कापायचं काय आणि कुणासाठी?"

मला असल्या बोलण्याचा कंटाळा येतो. त्यांना उत्तर द्यायचं म्हणजे आपणही तसलंच काहीतरी बोलायचं. मी आत गेले. आमची घरघंटी तशी गुणी आहे, पीठ फार उडवत नाही. मी तिचं झाकण अर्धवट ठेवलं, तांदूळ घातले आणि चालू केली. मग पडवीच्या दारात येऊन उभी राहिले, डोक्यापासून पायांपर्यंत पांढरी.

"भावोजी, या घरघंटीचं काहीतरी बघा. पीठ उडतं."

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं आणि हळूहळू उठून बसले.

"कुठून उडतं? झाकणातून, की खालून?"

"मला काय ठाऊक. तुम्ही बघा."

त्यांनी उशाखालून बॅटरी काढली, आत आले, स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि त्या पिठात खूप वेळ उभे राहिले.

"याला वेळ लागेल, वहिनी," ते म्हणाले.

"लागू दे," मी म्हटलं.