‘आत्ताची परिस्थिती’

इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत बारा फ्लॅट आहेत. शाळेच्या ऑफिसातून मी निवृत्त झाले, तेव्हा सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं आणि त्याच्याबरोबर सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुपही. पाणी किती वाजता येणार, लाइट कधी जाणार, हे मी सगळ्यांच्या आधी टाकायची. जिन्यात भेटलं की लोक म्हणायचे, "काकू, तुमच्यामुळं कळतं बाई." ते ऐकायला मला बरं वाटायचं.

मे महिन्यात एके दिवशी दुपारपासून आभाळ भरून आलं. प्रशासनाचा मेसेज सगळ्यांच्याच फोनवर आला होता: पुढच्या तीन तासांत विजांसह वादळी वारे, घराबाहेर पडू नका, झाडाखाली थांबू नका. तरी तो मी ग्रुपवर टाकला. खाली माझ्या मनानं चार ओळी जोडल्या. गॅलरीतल्या कुंड्या आत घ्या, गाड्या झाडाखालून काढा, मोबाइल चार्ज करून ठेवा. सगळ्यांनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली.

चारच्या सुमाराला वारा सुटला. धुळीनं समोरची इमारत दिसेना, कुणाचा तरी पत्रा रस्त्यावरून घसटत गेला, आणि लाइट गेले. मी खिडकीशी फोन घेऊन बसले. तेवढ्यात माझ्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एक फोटो आला. हायवेखालच्या बोगद्यात गुडघाभर पाणी, त्यात अडकलेली स्कूटर. खाली लिहिलं होतं, "बोगदा बंद. दुसऱ्या रस्त्यानं जावे."

आमच्याकडे येणारी निम्मी माणसं त्याच बोगद्यातून येतात. मी तो फोटो लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. नुसता टाकला असता तर एक वेळ चाललं असतं. मी वर तीन शब्द लिहिले: "आत्ताची परिस्थिती. सावधान." समोर धूळ उडत होती, पावसाचा अजून एक थेंब पडला नव्हता. पाणी आलं कुठून, हा साधा प्रश्न माझ्या मनात आला नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक नोकरी करणारी मुलगी राहते. मुलगी म्हणजे असेल अडतीसची, पण मला ती मुलगीच वाटते. तिचे वडील सटाण्याहून डोळे तपासायला आले होते. अर्धा दिवस रजा काढून तिनं त्यांना स्कूटरवर डॉक्टरांकडे नेलं होतं. परत येताना ती बोगद्याच्या अगदी तोंडाशी होती. खिशात फोन वाजला म्हणून बाजूला थांबून तिनं पाहिलं. माझा मेसेज होता. तिनं गाडी वळवली आणि पुढच्या चौकातून लांबचा रस्ता धरला. त्या रस्त्यावर एका गुलमोहराची फांदी मोडून त्यांच्या अंगावर आली. तिला खरचटलं. वडिलांच्या खुब्याचं हाड मोडलं.

तिचा फोन आला तेव्हा मी छत्री घेऊन तशीच हॉस्पिटलमध्ये गेले. ती बाकावर बसली होती, केसांत पाकळ्या अडकलेल्या. मला बघून रडायला लागली. मग म्हणाली, "बरं झालं काकू, तुम्ही कळवलंत. नाहीतर बाबांना घेऊन त्या पाण्यात अडकले असते."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेव्हा मला खरंच काही माहीत नव्हतं.

घरी आल्यावर कळलं. मैत्रिणींच्या ग्रुपवर एकीनं लिहिलं होतं, "अगं हा फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा आमचीच गाडी अडकली होती." खाली दोघी-तिघींनी हसणारे चेहरे टाकले होते. मी समोर राहणाऱ्या गृहस्थांना विचारलं. ते संध्याकाळी त्याच बोगद्यातून आले होते. "कोरडा होता," म्हणाले. "उलट वारं होतं म्हणून दहा मिनिटं आत थांबलो. बरीच माणसं थांबली होती."

त्यानंतर मी जे केलं, ते आजही कुणासमोर बोलताना जीभ अडखळते. मी सोसायटीच्या ग्रुपवर जाऊन तो मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकला. कुणीतरी विचारलं, "काय डिलीट केलंत काकू?" मी लिहिलं, "चुकून दोनदा गेलं होतं."

ऑपरेशन झालं. बाबांना तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं. मी रोज दुपारी डबा घेऊन जायला लागले. ती ऑफिसला गेली की त्यांच्यापाशी बसायची, औषधं द्यायची. लोक माझं कौतुक करायचे. ती तर म्हणायची, "आई असती तर तिनं एवढंच केलं असतं." मी खाली येऊन दार लावून घ्यायची. भाजीत मीठ किती घातलं, ते आठवायचं नाही. आज सांगू, आज सांगू म्हणत दीड महिना गेला. सांगितलं नाही की पुढचा दिवस आणखी कठीण व्हायचा, कारण त्यात आणखी एक डबा, आणखी एक आभार जमा झालेले असायचे.

शेवटी सांगितलं ते आधी बाबांना. वॉकर धरून ते गॅलरीपर्यंत आले होते, खुर्चीत बसून दम खात होते. गावाकडे कांदा साठवणीच्या चाळीत भरायचा राहिला, भावानं कसा भरला असेल, याची काळजी करत होते. मी मध्येच म्हणाले, "बाबा, त्या दिवशी बोगद्यात पाणी नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. फोटो जुना होता, ते तीन शब्द माझे होते, मेसेज मी पुसला.

त्यांनी वॉकर हातानं बाजूला सरकवला. मग त्यांच्या अहिराणीत विचारलं, "पोरले माहीत शे का?"

"नाही."

"मंग तिले सांग." ते थांबले. मला नीट कळावं म्हणून सावकाश, आमच्या भाषेत म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? माझं हाड जुळंल. ती रोज म्हणते, मीच गाडी वळवली, मीच बाबाला पाडलं. झोपत नाही ती."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दीड महिना मी फक्त माझ्या मनाला काय टोचतंय तेवढंच पाहत होते. माझा दोष ती स्वतःच्या डोक्यावर वाहत होती, आणि मी तिच्याच घरी डबे पोचवत होते.

त्याच संध्याकाळी ती ऑफिसमधून आली तेव्हा मी वर गेले. उभ्या उभ्याच बोलले. ती खांद्यावरची पर्स न काढता ऐकत होती.

"पाणी नव्हतं?" तिनं विचारलं.

"नव्हतं. तुझी काही चूक नव्हती. तू मी लिहिलेलं वाचलंस."

"फोटो जुना होता हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

"मग पुसलात कशाला? जुना आहे असं लिहिता आलं असतं ना."

मी घाबरले, असं म्हणाले. ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. सगळ्यांसमोर लाज जाईल, याची भीती होती. ती म्हणाली, "उद्यापासून डबा नको काकू. मी बाई लावते." आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मी जे झालं ते लिहिलं आणि सेक्रेटरीपद सोडलं. काहींनी लिहिलं, होतं असं कधी कधी. ते वाचून जास्तच वाईट वाटलं.

दसऱ्याच्या आधी बाबा गावी गेले. काठी घेऊन चालत होते, एक पाय किंचित ओढत. गाडीत बसताना त्यांनी मला हाक मारून जवळ बोलावलं, पाठीवर थाप दिली आणि सटाण्याला यायचं बोलावणं दिलं. ती दुसऱ्या बाजूनं सामान ठेवत राहिली.

पुढं दिवाळीच्या दिवसांत आम्ही दोघी जिन्यात समोरासमोर आलो. ती बाजूनं निघून जाईल असं वाटलं, पण थांबली. म्हणाली, "काकू, एक सांगायचं होतं. त्या दिवशी गाडी वळवायच्या आधी मी तुमचा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता. तिथं चाळीस जण आहेत. त्यातलं कोण कुठल्या रस्त्यानं गेलं, मी अजून विचारलेलं नाही."

मी तिला म्हणाले, "विचार."

"हिंमत होत नाही," ती म्हणाली आणि पायऱ्या चढायला लागली.