चिनी बाईंचा शेतकरी

तिसरीच्या वर्गाला इंग्रजी शिकवायला चिनी बाईंना वर्षभरात एकच गोष्ट पुरायची. जूनमध्ये काढलेली गोष्ट एप्रिलमध्येही तीच. आमच्या शाळेत कोणत्या वर्गाचा किती अभ्यासक्रम झाला, याचे तक्ते मी ठेवते. पर्यवेक्षिकेचं ते कामच आहे. बाकीच्यांच्या रकान्यात धड्यांची नावं बदलत जायची. चिनी बाईंच्या रकान्यात महिन्यामागून महिना एकच नोंद असायची : ‘शेतकऱ्याची गोष्ट, चालू.’ ती नोंद बघून तेव्हा माझं डोकं उठायचं. आजही उठतं, पण आता त्यांच्यामुळे नाही.

चिनी हे नाव जुळे सोलापुरातल्या आमच्या शाळेच्या पालकांनी ठेवलेलं. मस्टरवर त्या गाजुल सुनंदा होत्या, पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगु, गल्लीत दखनी, शाळेत मराठी आणि पुढे नोकरीसाठी इंग्रजी. उंचीने बेताच्या, आवाज घोगरा, आणि खांद्यावर कायम एक सोलापुरी टॉवेल. तो टॉवेल फळा पुसायला नव्हता, घाम पुसायला नव्हता. वर्गात शिरल्यावर त्यांनी तो डोक्याला गुंडाळला की त्या चीनमधला म्हातारा शेतकरी व्हायच्या.

गोष्ट साधी होती. चीन देशात एक शेतकरी असतो. शेजाऱ्यांची रोपं वाढतात, आपली वाढत नाहीत असं त्याला वाटायला लागतं. रोज बांधावर जातो, वाकून बघतो, बोटाने मोजतो. शेवटी न राहवून एक दिवस तो प्रत्येक रोप थोडं थोडं वर ओढतो. संध्याकाळी दमून घरी येतो आणि बायकोला म्हणतो, आज मी सगळ्या पिकाला वाढायला मदत केली. बायको धावत शेतात जाते. सगळी रोपं माना टाकून पडलेली असतात.

पहिले दोन महिने ही गोष्ट इंग्रजीत नसायचीच. ज्याने त्याने आपापल्या घरच्या भाषेत सांगायची. वर्ग म्हणजे बाजार वाटायचा. एक जण कानडीत शेतकऱ्याला शिव्या घालतोय, दुसरी तेलुगूत बायकोसारखी कपाळावर हात मारतेय. मी दारातून म्हटलं, “बाई, हा इंग्रजीचा तास आहे.”

“व्हय की मॅडम,” त्या म्हणाल्या, “इंग्रजीची पेरणी चाललीय. आत्ता वर काय बी दिसणार न्हाय.”

त्यांचं एक ठाम मत होतं. मुलाला भाषा यायला हवी असेल तर त्याला कोणावर तरी मनापासून ओरडायचं असलं पाहिजे. हा शेतकरी त्यासाठी त्यांनी निवडला होता. होटगीकडून येणाऱ्या बिरूच्या घरी मेंढरंही होती आणि चार एकर ज्वारीही. त्याला ही गोष्ट सहनच व्हायची नाही. “बाई, ह्यो येडा हाय का? उपटल्यावर ज्वारी मरतीय की! येवढं बी कळंना त्याला?”

“त्याला मराठी कुटं येतंय? त्याला कळंल असं सांग की.”

मग बिरू फळ्यावरचे तीन शब्द उचलायचा आणि बाकावर उभा राहून गरजायचा, “डोंट पुल! वेट!” त्याच्यामागे सगळा वर्ग. चिनी बाई टॉवेल सावरत खिडकीतल्या कागदी कपांवर वाकायच्या. त्या कपांमध्ये मुलांनी ज्वारी पेरलेली होती. बाईंचे हात रोपाजवळ गेले की पुन्हा आरोळी, “डोंट पुल! वेट!” शेजारच्या वर्गातून तक्रारी यायच्या. त्या मी तारखेसह लिहून ठेवायचे.

एका वडिलांनी कार्यालयात येऊन टेबलावर हात आपटला. “चीनची गोष्ट कशाला, मॅडम? सीमेवर काय चाललंय, पेपर वाचता का तुम्ही? आपल्याकडे गोष्टी संपल्या का?”

मी चिनी बाईंना बोलावून घेतलं. त्या टॉवेलसकट आल्या. “साहेब,” त्या म्हणाल्या, “आपल्याकडची कुटली घेऊ? मराठी घेतली तर तुमचा मुलगा पुढं, कानडी पोर मागं. कानडी घेतली तर माझी तेलुगु पोरं मागं. ही कुणाच्याच घरची न्हाय. हितं सगळी सारखीच परकी. म्हणून कुणी कुणाला हसत न्हाय.”

गृहस्थ गप्प झाले नाहीत. अशी माणसं होत नाहीत. संचालकांना भेटून गेले. पण ते उत्तर मला आजही आठवतं. अठरा वर्षांच्या नोकरीत इंग्रजी कसं शिकवायचं यावर मी जितक्या कार्यशाळा केल्या, त्यातल्या एकीतही कोणी हे बोललं नव्हतं.

तरी माझी घाई सुटली नव्हती. मी तिसरीसाठी खास तक्ता बनवला. आडवे आठवडे, उभी मुलांची नावं, आणि प्रत्येक चौकटीत त्या आठवड्यात मुलाने स्वतःहून बोललेल्या इंग्रजी वाक्यांची संख्या. महिन्याने तो माझ्याकडे परत आला. सगळ्या चौकटी कोऱ्या, आणि वरून खालपर्यंत तिरकं एकच लिहिलेलं : ‘वाढतंय.’

मी चिडले. “बाई, ही थट्टा आहे का?”

“मग काय करू? दर शनवारी एकेक पोर उपटून मुळं बघू व्हय?”

मी आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. दुखावलं जाण्याचं कारण उघड होतं. त्यांनी टॉवेल माझ्या डोक्याला गुंडाळला होता.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव बदलून मी इथे महादेवी म्हणते. वडील मैंदर्गीहून येऊन इथे धान्याचा व्यापार करायला लागले होते, घरी कानडी. दोन वर्षं ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. पहिलीत कानडीत काहीतरी बोलली म्हणून कोणा शिक्षिकेने तिला तासभर उभं केलं होतं, तेव्हापासून तोंड बंद. संचालकांनी दोनदा सुचवलं होतं की हिला दाखला देऊन दुसरी शाळा बघायला सांगा. चिनी बाई दोन्ही वेळा मध्ये पडल्या. “मी सुद्धा नववीपर्यंत मुकीच होते,” असं त्या मला म्हणाल्या. “इंग्रजीच्या बाई बाकावर उभं करायच्या. म्हणायच्या, बोलल्याशिवाय बसायचं न्हाय. मी वर्षभर उभीच राहिले की.”

नोव्हेंबरमधल्या एका दुपारी चिनी बाई स्टाफरूममध्ये आल्या आणि लागोपाठ दोन कप चहा प्यायल्या. एरवी अर्धा कप घ्यायच्या. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, “मॅडम, महादेवी बोलली.”

झालं होतं असं. बाई नेहमीसारख्या कपांवर वाकल्या होत्या, वर्ग ओरडत होता. महादेवी शेवटच्या बाकावरून उठून आली, तिने बाईंच्या टॉवेलचं टोक धरलं आणि म्हणाली, “डोंट पुल. वेट.” पुन्हा जाऊन जागेवर बसली. बाईंनी शाबासकी दिली नाही, टाळ्या वाजवू दिल्या नाहीत. शेतकऱ्याच्या आवाजात फक्त “ओके” म्हणाल्या आणि हात मागे घेतला.

“कुणाला सांगू नका,” त्या मला म्हणाल्या. “आत्ता कुठं मोड आलाय.”

मी सांगितलं. त्याच दिवशी, संचालकांच्या केबिनमध्ये, अभिमानाने, मासिक अहवालाच्या शेवटच्या ओळीत. चांगली बातमी योग्य जागी पोचवणं हे माझं काम आहे, असं मी समजत होते.

संचालकांचे डोळे चमकले. जानेवारीत पालक मेळावा होता. इंग्रजी बोलायला शिकवण्याचा कार्यक्रम शाळांना विकणाऱ्या एका कंपनीची माणसं पाहुणे म्हणून येणार होती. तिसरीतल्या वीस मुलांनी मंचावर दहा दहा वाक्यं म्हणायची आणि पहिलं नाव महादेवीचं. “दोन वर्षं न बोलणारी मुलगी! याहून मोठी जाहिरात कोणती, मॅडम?” जाहिरात हा शब्द त्यांनी अजिबात न अडखळता वापरला. मीही न अडखळता यादी केली.

चिनी बाई संचालकांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, “मार्चपर्यंत थांबा. मार्चात ती आपणहून काय म्हणंल ते म्हणंल.”

“मेळावा मार्चमध्ये नाही, बाई.”

“मग तिला घेऊ नका. बिरूला घ्या, तो छत हलवंल.”

ऐकलं नाही. दहा वाक्यं पाठ करून घेण्याचं काम दुसऱ्या शिक्षिकेकडे दिलं गेलं. मी चिनी बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, “एवढं ताणू नका. पोरगी आहे, दोन मिनिटं उभी राहील आणि येईल.” हे वाक्य मी उच्चारलं, आणि ते परत घेता येत नाही.

मेळाव्याच्या दिवशी महादेवीला झालरीचा गुलाबी फ्रॉक घातला होता. माईक तिच्या उंचीला आणला. “माय नेम इज,” एवढं झालं आणि पुढे काही नाही. पहिल्या रांगेतून संचालक हसऱ्या चेहऱ्याने कुजबुजले, “बोल, बोल.” मागून कोणीतरी “स्वतःचंच नाव विसरली” म्हणत हसलं. दीडशे मोबाइल वर झालेले. निवेदिकेने तिला दंडाला धरून ओढत माईकच्या आणखी जवळ आणलं. ती मंचावरून सगळीकडे बघत होती. कोणाला शोधत होती ते मला माहीत होतं.

चिनी बाई शेवटच्या रांगेतून चालत आल्या, मंचावर चढल्या, खांद्यावरचा टॉवेल तिच्या पाठीभोवती गुंडाळला आणि तिला खाली घेऊन गेल्या. संचालकांच्या खुर्चीपाशी क्षणभर थांबून म्हणाल्या, “साहेब, मी थांबा म्हटलं होतं.” आवाज चढला नव्हता. तरी पाहुण्यांना ऐकू गेलं आणि गुन्हा तोच ठरला. मुलीचं काय झालं, हे त्या सभागृहात कोणीही कोणाला विचारलं नाही. मेळाव्यानंतरच्या बैठकीत चर्चा झाली ती चिनी बाईंच्या शिस्तभंगाची.

महादेवी पुन्हा बंद झाली. आधी मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या कानात कानडी बोलायची, तेही थांबलं. एप्रिलमध्ये चिनी बाईंचा वर्षाचा करार वाढवला नाही. पत्राचा मजकूर संचालकांचा, टाइप मी केला : ‘आपली अध्यापनपद्धती संस्थेच्या उद्दिष्टांशी सुसंगत नाही.’ सुसंगत! मुलाकडून पाठ करून घेऊन व्हिडिओ काढणं सुसंगत, आणि मूल बोलेपर्यंत वाट बघणं विसंगत. त्या पत्राखाली पोच म्हणून त्यांची सही घ्यायचं कामही मीच केलं, कारण ते माझ्या यादीत होतं.

सही करून त्यांनी कपाटाची किल्ली दिली. टॉवेल घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, “खिडकीतल्या कपांना पाणी घालत जावा. आन् मॅडम, सारखं वाकून बघू नका.”

मी राजीनामा दिला नाही. असं काही केलं असतं तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. मी एवढंच केलं की तो वाक्यांचा तक्ता बंद केला, आणि महादेवीच्या दाखल्याचा विषय तिसऱ्यांदा निघाला तेव्हा बैठकीत उभं राहून म्हटलं की तो दाखला मी लिहिणार नाही, दुसरं कोणी लिहायला बघा. दुसरं कोणी मिळालं नाही. आमच्याकडे लिहिण्याची कामं करायला कोणी पुढे येत नाही, त्याचा तेवढा उपयोग झाला.

दोन वर्षांनी, महादेवी पाचवीत असताना, गॅदरिंगची तालीम चालली होती. नव्याने आलेले नृत्याचे सर पहिलीतल्या एका रडणाऱ्या मुलीला मनगटाला धरून रांगेकडे ओढत होते. मुलगी पाय रोवून मागे रेलली होती. मी मैदानाच्या कडेला वेळापत्रक घेऊन उभी होते. तेवढ्यात पाचवीच्या रांगेतून आवाज आला. लहान, घोगरा, फार दिवस न उघडलेल्या दारासारखा.

“डोंट पुल!”

सर थांबून वळले. महादेवी रांग सोडून पुढे आली होती. “वेट,” ती म्हणाली. मग त्या छोटीजवळ बसून तिच्याशी कानडीत काहीतरी बोलायला लागली. बोलतच राहिली.

सर हसत माझ्याकडे आले. “ही कोण मोठी मॅडम? कुठल्या धड्यात आहे हे?”

“धडा राहू दे,” मी म्हटलं. “पुन्हा कोणत्याही मुलाला असं ओढायचं नाही. आज तोंडी सांगतेय, पुढच्या वेळी लेखी देईन.” माझा आवाज मैदानभर गेला असावा, कारण तालीम थांबली.

कार्यालयात येऊन मी चिनी बाईंना फोन लावला. त्या आता घरच्याच पडवीत गल्लीतल्या मुलांना शिकवतात. मागे गलका ऐकू येत होता. मी घडलं ते सांगितलं.

“कुणावर ओरडली?” त्यांनी विचारलं.

“नृत्याच्या सरांवर.”

“मोठ्यानं?”

“मैदानाच्या कडेला ऐकू आलं मला.”

“लई बेस झालं.” मग आवाज बदलला. “मॅडम, कुणाला सांगितलं न्हाय ना? कुटं लिहून ठेवलं न्हाय ना?”

माझ्यासमोर डायरी उघडी होती. आजच्या तारखेखाली तिचं नाव लिहून झालं होतं आणि पेन पुढच्या शब्दावर होतं. मी ते नाव खोडलं आणि पेनाला टोपण लावलं.

“नाही बाई,” मी म्हटलं.