व्याह्यांसमोर आडवं

अमळनेरहून धुळ्याकडे जाताना एका फाट्यावर उतरलं, की लोटनभाऊंचं गाव. कापूस, थोडी वांगी, दोन म्हशी, असा त्यांचा बेताचा पसारा. पण गावात कोणाचं लग्न निघालं की पहिलं बोलावणं त्यांना. कोणत्या पाहुण्याला कुठं बसवायचं, टॉवेल-टोपी आधी कोणाला द्यायची, कोणाला विसरलं तर जन्माचा रुसवा पडेल, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मान द्यायचा इतका नाद, की एसटीत आधी म्हाताऱ्यांना जागा देणार, मग बायांना, मग पोरासोरांना. धुळ्यापर्यंत हा माणूस बसून गेलेला कोणी पाहिला नाही.

लेकीच्या सासऱ्याचा फोन आला तर खाटेवरून उठून, टोपी चढवून मगच हॅलो. मोबाइलातून टोपी दिसत नाही, हे सुमनबाईंनी नवऱ्याला किती वेळा सांगितलं. त्यांना नसेल दिसत, मला तर कळतं ना, असं लोटनभाऊंचं म्हणणं.

गेल्या हिवाळ्यात हे व्याही, देवपूरचे मगनभाऊ, आपल्या माणसांना घेऊन शेतात भरीत खायला आले. सोबत जावई जितेंद्र आणि लेक डिंपल होतेच. कपाशीच्या काड्यांचा जाळ उघड्यावर करायचा, हे ठरलेलं. पण पाहुण्यांना उन्हात कसं बसवणार? लोटनभाऊंनी सतरंजी आंब्याखाली टाकली, आणि वांगं गरम गरम हाती यावं म्हणून जाळही तिथंच आणला. वर फांदीला आग्या मोहोळ लटकतंय, असं सुमनबाई म्हणाल्या. पण व्याही फाट्यावर उतरले होते आणि लोटनभाऊ त्यांना घ्यायला निघालेही होते.

धूर वर गेला, माश्या खाली आल्या.

सगळे डोक्यावर मिळेल ते घेऊन झोपडीकडे पळाले. लोटनभाऊ सर्वांत मागं. आपलं उपरणं मगनभाऊंच्या डोक्यावर टाकून ते एकेका पाहुण्याला पुढं ढकलत राहिले, आणि माश्यांनी त्यांची मान, कान, सगळं फोडून काढलं. माश्या निवळल्यावर जो तो आपापला फुगलेला गाल चोळत हसायला लागला. लोटनभाऊही हसत होते. मग त्यांना तळहाताला खाज सुटली, अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजला. पाणी आणतो म्हणून वळले आणि जागच्या जागी बसले.

सुमनबाईंनी हात धरला तर तो ओला, गारढोण. नाडी कुठं लागेना. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी पाणी आणलं, दोघांनी काखेत हात घालून त्यांना ताठ बसवलं. तशी त्यांची मान लुळी पडली. तोवर डिंपलनं १०८ला फोन लावला होता. पलीकडची डॉक्टरीणबाई म्हणाली, माशीच्या विषानं नसा सैल पडल्यात, रक्त डोक्याकडं चढत नाही. आधी आडवं करा, पाय उंच ठेवा, तोंडात काही घालू नका. बरं वाटलं तरी उठू देऊ नका, उठले तर हृदय बंद पडेल. गाडी निघाली आहे.

भरीत कांडायची लाकडी बडगी पालथी घालून सुमनबाईंनी तिच्यावर नवऱ्याचे पाय ठेवले. थोड्या वेळानं लोटनभाऊंनी डोळे उघडले. पाहतात तर समोर मगनभाऊ उभे, आणि आपले दोन्ही पाय सरळ त्यांच्या तोंडाकडं. ते कोपरावर उठायला लागले, आणि चेहरा राखेसारखा झाला.

सुमनबाईंनी दाबून निजवलं. पाहुण्यांना पाठ फिरवायला सांगितलं. लोटनभाऊ तरी उठायला लागले. पाय दुसरीकडं वळवले, तरी तेच. मगनभाऊ समजूतदारपणे खाली बसायला गेले, तर व्याही मातीत बसतात म्हणून हे सतरंजी आणायला निघाले.

"याही उभा शेतस, नि मी पाय करीसन पडू?" एवढंच ते पुटपुटले. आता नाडी बोटाखाली दोऱ्याएवढीही राहिली नव्हती. सुमनबाईंना कळून चुकलं, गाडी येईस्तोवर हा माणूस विषानं नाही, रीतभातीनं जाईल.

मगनभाऊंशी त्या आजवर पदराआडूनच बोलल्या होत्या. आज पदर कुठं होता कोणास ठाऊक. "याहीभाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही उभा शेतस तवलोंग हाऊ माणूस पडाव नही."

मगनभाऊंनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. चष्मा काढला, खिशात ठेवला, आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांनिशी लोटनभाऊंच्या शेजारी धुळीत सपाट आडवे झाले. वांग्यांची टोपली ओढून तिच्यावर आपलेही पाय चढवले.

"ल्या याही, मी बी पडनू. आते कोन कोनले उठाडी?"

लोटनभाऊंनी मान वळवून पाहिलं. शेजारी व्याही पडलेले, त्यांचे पाय आपल्यापेक्षा चार बोटं वरच. त्यांचं डोकं हळूच मातीला टेकलं. थोड्या वेळानं, जमीन कडक आहे, व्याह्यांच्या डोक्याखाली काही तरी द्या, असं ते म्हणायला लागले, तेव्हा सुमनबाईंनी त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं.

गाडी आली. डॉक्टर धावत आला आणि जो जाडजूड, लालबुंद माणूस पाय वर करून पडला होता, त्याच्या दंडाला त्यानं पट्टा गुंडाळला. ब्लडप्रेशर उत्तम निघालं. मगनभाऊ गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टर, मी पाव्हना शे. पेशंट तठे शे."

मांडीत इंजेक्शन गेलं, हातात सलाईन लागलं. सुमनबाईंनी नाडीवरचं बोट काढलं नव्हतं. आधी काहीच नाही, मग विहिरीत पाझर लागावा तशी ती बोटाखाली भरत आली. हात कोमट झाला. रात्रभर दवाखान्यात ठेवावं लागेल, विषाची पुन्हा उसळी येऊ शकते, असं डॉक्टरनं सांगितलं.

लोटनभाऊंना स्ट्रेचरवर उचललं. मगनभाऊंना मात्र उठता येईना, कंबर धरली होती. जितेंद्रनं एक हात ओढला, डिंपलनं दुसरा, मगनभाऊ अर्धे वर आले आणि पुन्हा टोपलीवर पडले. वांगी चहूकडं घरंगळली.

स्ट्रेचरवर पडल्या पडल्या लोटनभाऊ हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे. डॉक्टर म्हणाला, हलू नका. सुमनबाई म्हणाल्या, हसू द्या हो त्यांना, आडवेच आहेत. आणि त्यांच्या पायाशी गाडीत चढून बसल्या.